ओटीपी तुझ्याच फोनवर येतो

६ ऑगस्ट, मुलुंड

ताई,

आधीच सांगते, शुद्धलेखनाची माफी. टायपिंग पण माझं हळू आहे. एक बोट, मग दुसरं बोट, असं चाललंय. त्यात खालच्या ओळीतलं एक बटण अडकतं, मग एकच अक्षर चारदा येतं आणि मी पुसत बसते. आठवीत शाळा सोडलेल्या पोरीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नकोस. माफी एवढीच. बाकी कशाची मागणार नाय.

तू आईचा नंबर ब्लॉक केलास, बाबांचा केलास, शेजारच्या शकुमावशीचा पण केलास. माझ्याकडे फोनच नाय, म्हणून मी वाचली. पण तुझा जुना लॅपटॉप इथेच राहिला आणि त्यात तुझं अकाउंट अजून चालू आहे. हे मी तुझ्याच नोट्समध्ये लिहितेय. इथे लिहिलं की तुझ्या फोनवर आपोआप येतं. तू किराण्याची यादी इथेच करतेस ना? पोहे, हिंग, फिनेल. त्याच्या वर आता मी.

तुझी आठवण आली म्हणून लिहीत नाय. काम आहे.

दहावीला बाहेरून बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्म, आठवतो का? जूनमध्ये तू आणि मी बसून अर्धा भरला होता. तुझा मेल टाकलास, तुझाच मोबाईल टाकलास. बोललीस, बाकीचं रविवारी करू. तो रविवार आलाच नाय, त्याआधी तू मिथुनदादाबरोबर निघून गेलीस. आता साइट उघडली की पहिला प्रश्न ओटीपीचा, आणि ओटीपी तुझ्याच फोनवर येतो. नवीन फॉर्म भरायला गेली तर बोलते, या आधारवर आधीच नोंद आहे. महिनाअखेर मुदत आहे.

मला एक ओटीपी दे. एकच. त्यावर मी आईचा नंबर टाकून घेते. मग तू तुझ्या वाटेने, मी माझ्या.

श्रुतिका


८ ऑगस्ट

ताई,

वाचलंस. मला कळलं. तू उघडलंस की वर कोपऱ्यात तुझ्या फोटोचा गोल येतो. बराच वेळ होता तो गोल. मग माझं सगळं पत्र खालून वर पुसत गेलं, मी बघत बसली होती समोर. एवढं हळूहळू लिहिलेलं, आणि तू सर्रकन पुसलंस. मी ते परत आणलं, मागे जायचं बटण असतं.

आणि खाली तुझी एक ओळ: "बाबांना तू सांगितलंस हे आधी कबूल कर. मग ओटीपी."

बरं. म्हणजे आता ओटीपीला पण भाव आला.

ऐक काय झालं ते. तू ऑफिसला गेली होतीस, तुला माहीतच नाय. गणपतीच्या गाडीचं बुकिंग उघडणार होतं त्या दिवशी. बाबा सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून लॅपटॉपसमोर बसले, जसं काय पूजेला. मी बाजूला चहा घेऊन. त्यांनी शोधायच्या चौकोनात नुसतं क्लिक केलं. एक अक्षर टाइप केलं नाय. आणि खाली यादी पडली.

कोर्ट मॅरेज नोटीस किती दिवस. मॅरेज रजिस्ट्रार ऑफिस ठाणे. आईवडिलांची परवानगी लागते का.

बाबा आईला बोलले, "गो कुंदा, ह्या काय ता? कोणाचा लगीन?"

आई आतून बोलली, "जाहिरात आसात. कसले कसले येतत."

"जाहिरातीत आईवडलांची परवानगी लागता काय, असा इचारतत?"

मग ते माझ्याकडे वळले. मी काय बोलणार? मला साधं दुकानात "सुटे द्या" बोलता येत नाय. माझं तोंड नेहमीसारखं बंद. ते त्यांनी बघितलं आणि त्यांना काय समजायचं ते समजले. तिकिटं तर गेलीच वेटिंगला. संध्याकाळी तू आलीस, मग जे झालं ते झालं. मिथुनदादाच्या आईवरून, त्यांच्या जातीवरून बाबा जे बोलले ते मी इथे लिहिणार नाय. घाण बोलले. मला मिथुनदादाचा राग नाय, त्यानेच दोनदा हा डबडा लॅपटॉप उघडून साफ करून दिला. राग मला तुझा आहे.

गच्चीवर तू मला लग्नाचं सांगितलंस ते माझ्या पोटातच राहिलं. चुगली तुझ्या ब्राउझरने केली. त्याला ब्लॉक कर.

श्रुतिका


११ ऑगस्ट

ताई,

"मी लॅपटॉपवर असलं काही कधीच शोधलं नव्हतं. फक्त फोनवर. खोटारडी."

वा. इंजिनियरीणबाई.

फोनवरच शोधलं असशील. पण अकाउंट एकच ना? तू विक्रोळीला चहाच्या टपरीवर उभी राहून शोधलंस, की ते इथे मुलुंडला आमच्या किचनच्या टेबलावर येतं. मला कुणी शिकवलं नाय हे. मी रोज बघते. तू नवऱ्याबरोबर तिकडे, आणि तुझी अख्खी डोकेदुखी इथे आमच्याकडे. सांगू काय काय आलंय ते? परवा, वड्यांच्या पिठात मेथी किती. काल सकाळी, पंख्याचा आवाज कशाने येतो. काल दुपारी, ऑफिसमध्ये रडू आलं तर.

शेवटचं वाचून मी लॅपटॉप बंद केला. मला बघायचं नव्हतं. पण तेच खाली पडतं ना, क्लिक केलं की.

आणि मेथी जास्त टाकू नकोस, कडू होतात. आई बोलायची तेव्हा तुझं लक्ष फोनमध्ये.

आज आईबरोबर स्टेशनजवळच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याकडे गेली होती. मी नेहमीसारखी आईच्या मागे. आई त्याला बोलली, "हिचा नंबर बदलून द्या."

"मावशी, नंबर बदलायला जुन्या नंबरवर ओटीपी येतो."

"अरे, जुना नंबर नाय म्हणून तर बदलायचाय."

"हां, तेच ना. म्हणून जुन्या नंबरवर येतो."

"म्हणजे नसलेल्या नंबरवर येतो?"

"मावशी, साइट माझ्या सासऱ्याची आहे का? मागे लाइन बघा."

मागे लाइन होतीच. एक पोरगा हसला. मी आईचा पदर ओढला, चल बोलली. आई रस्त्यात उभी राहून म्हणाली, "जानूक एक फोन लागलो आसतो तर." मग चालायला लागली.

तुला माहीत आहे का, घरात सगळीकडे तुझाच नंबर आहे ते? गॅस तुझ्या नंबरवर, लाइटबिल तुझ्या नंबरवर, आईची दवाखान्याची फाइल तुझ्या नंबरवर. घरात शिकलेली एकच, म्हणून जिथे तिथे तूच. सिलिंडरवाला दारात उभा राहून कोड मागतो, आणि आई त्याला सांगते, मुलगी बाहेर गेलीय, येईल इतक्यात. तो दर वेळी सिलिंडर खाली ठेवून वाट बघतो.

कबूल करायचं ना? घे. हो, मी सांगितलं. मी दुष्ट, मी चुगलखोर. दे ओटीपी.

झालं समाधान? हे खोटं लिहिलंय, तुला पण कळतंय. तुला खोटं चालत असेल तर याच्यावर दे. मला फॉर्म पाहिजे.

श्रुतिका


१४ ऑगस्ट

जान्हवी,

काल संध्याकाळी काय शोधलंस? "दुसऱ्या डिव्हाइसवरून अकाउंट साइन आउट कसं करायचं." त्याच्या खाली, "बहिणीला कळणार नाही असं."

कळलं. सगळं कळतं इथे, सांगितलं ना तुला.

कर ना. थांबलीस कशाला? एक बटण आहे. दाबलंस की मी गेली. माझा तो अर्धा फॉर्म गेला, ही पत्रं गेली, कटकट गेली. तुला बटणं दाबायची सवय आहेच. नंबर ब्लॉक, माणूस ब्लॉक.

शाळा मी का सोडली, ते तुला नक्की ठाऊक आहे. ऑनलाइन वर्ग चालू होता, माझा माइक चालू राहिला आणि बाबा आईला जे बोलत होते ते अख्ख्या वर्गाने ऐकलं. टीचर ओरडत होत्या, श्रुतिका म्यूट कर, श्रुतिका म्यूट कर. मला ते बटण सापडेना. तू बाजूलाच होतीस. हेडफोन घालून तुझी मीटिंग चालली होती. मी तुझा हात ओढला, तू झटकलास. नंतर शाळा उघडली तेव्हा पोरं मला बघून बाबांचे शब्द बोलायची. मी गेलीच नाय परत. तू सगळ्यांना सांगत फिरलीस की हिला अभ्यासात रस नाय.

यावर्षी मला वाटलं, बसावं. कुणाशी बोलायचं नाय, घरी बसून करायचं, पेपरला फक्त लिहायचं. मला लिहिता येतं. हे एवढं लिहितेय ते दिसत नाय का तुला? गणित मी तुझ्याच जुन्या व्हिडिओंवरून केलं, बीजगणित पूर्ण झालं. आणि तू मला तोलतेस, कबूल कर, मग देते.

आता नीट ऐक. मला चुगलीच करायची असती ना, तर आज करायला माझ्याकडे बरंच काही आहे. तुझ्या नकाशात "घर" असं लिहून जागा लावलीस तू. कळव्याला, नाक्याच्या मागे, दुसरी गल्ली. बिल्डिंगचं नाव पण येतं. बाबा दोन महिने सगळ्यांना विचारत फिरतायत, जानू राहते कुठे. तुझ्या ऑफिसच्या गेटवर पण जाऊन उभे राहिले होते एकदा. मी त्यांच्या समोर जेवायला बसते रोज. एक शब्द बोलली नाय. मला बोलता येत नाय म्हणून नाय, कळलं का? बोलायचं नाय म्हणून.

आणि शनिवारी बाबा लॅपटॉपवर बसणार आहेत, परतीच्या एसटीचं बघायला. ते क्लिक करणार, आणि यादी पडणार. मग नकाशा पण पडेल. शनिवारच्या आत तू ओटीपी दिलास तर मी माझं काम करून तुझं अकाउंट इथून काढते. नाय दिलास, तरी शनिवारच्या आत काढायलाच लागेल मला. म्हणजे फॉर्म माझा जाणार. हे मी तुला धमकी म्हणून सांगत नाय. कसं आहे ते सांगते.

श्रुतिका


१५ ऑगस्ट, दुपार

वाट लागली असती आज.

पंधरा ऑगस्टची सुट्टी, हे माझ्या डोक्यातच नाय. बाबा झेंडावंदन करून आले, छातीला तो कागदी झेंडा तसाच, आणि शनिवारचं काम आजच करू बोलून बसले खुर्चीत. मी भाजी निवडत होती. त्यांनी लॅपटॉप उघडला. नकाशाच उघडा होता. मीच ठेवला होता उघडा, काल तुझ्यावर चिडून बघत होती. कळवा, नाका, दुसरी गल्ली, आणि वर घराचं चित्र.

बाबांनी चष्मा लावला. "ह्या खयचा गो?"

मी उठली आणि प्लग काढला. याची बॅटरी कधीच मेलीय, प्लग काढला की जागच्या जागी काळोख.

"लाइट गेली?"

वर पंखा गरगर फिरत होता. बाबा पंख्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात.

"प्लग कित्याक काढलंस?"

आणि ताई, मी बोलली. मोठ्याने. "माझं काम चालू होतं. तुम्ही विचारल्याशिवाय उघडायचा नाय."

आईच्या हातातून झाकण पडलं. बाबांना पण कळेना, ओरडावं की काय करावं. त्यांनी माझा आवाज एवढा कधी ऐकलाच नसेल. बोलले, "ता घर कोणाचा होता?" मी बोलली, "मला काय माहीत, जाहिरात." ते उठले. छातीवरचा झेंडा काढून टेबलावर ठेवला आणि खाली गेले. संध्याकाळी परत विचारतील. किंवा नाय विचारणार, पण उद्या बसतील नक्की.

नकाशा मी आता बंद केलाय. पुसलाय पण. तरी तू कुठे गेलीस की परत येणारच तो.

हे सगळं तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. चिडूनच केलं.

उद्या सकाळी बाबा देवळात जातात. ते यायच्या आत मी अकाउंट काढणार. ओटीपी आला तर आला.


१६ ऑगस्ट

ताई,

सकाळी उघडलं, नोट्समध्ये काहीच नाय. कोपऱ्यात गोल पण नाय. मला वाटलं, झालं. साइन आउटचं बटण शोधायला त्या चौकोनात क्लिक केलं, आणि यादी पडली. सगळ्यात वर, आत्ताच शोधलेलं:

"गोराईच्या खाडीत दोन्ही चपला कुणी टाकल्या."

मी किती वेळ बघत बसली माहीत नाय. ब्राउझरने बिचाऱ्याने तुला बोरिवलीतली चपलांची दुकानं दाखवली असतील.

एक माझ्या पायातून पडली, बोटीतून उतरताना. दुसरी तू टाकलीस. "एक घेऊन काय करणार" बोललीस, माझ्या पायातून काढलीस आणि फेकून दिलीस. मग देवळापर्यंत मला उचलून नेलंस आणि वाटभर शिव्या घातल्यास. घरी सांगितलंस, कुत्र्याने नेल्या. आई-बाबांना अजून माहीत नाय. हे मी नोट्समध्ये खाली लिहिलं आणि वाट बघितली.

गोल आला. बराच वेळ नुसता गोल. मग तुझी ओळ, "म्हणजे खरंच येतं तिकडे." मग, "दाब."

मी साइटवर ओटीपी मागायचं बटण दाबलं. पहिला ओटीपी वाया गेला, ती चूक माझी. तू लगेच लिहिलास, पण ते बटण अडकलं, आकडा चारदा आला, पुसेपर्यंत वेळ संपली. तू लिहिलंस, "कासव." मी लिहिलं, "लॅपटॉप तुझाच आहे." दुसरा लागला. आईचा नंबर टाकला, आईच्या फोनवर टुंग झालं. आई घाबरून ओरडली, "बँकवालो आसा, काय सांगू नको!" फोटो लावला, दाखला लावला, फॉर्म गेला. अर्जाचा नंबर मिळाला. मी तो स्क्रीनवर बोटाने वाचला, मोठ्याने, दोनदा.

तू मग काहीतरी लिहिलंस. "श्रुती, मी उगाच तुझ्यावर" एवढं आलं, आणि पुसलंस. मला दिसलं. इथे टाइप करता करताच दिसतं, आता तरी लक्षात ठेव. बरं केलंस पुसलंस. ते वाचून मी काय करणार होती? माझा राग एका ओळीने जाणारा नाय. दोन महिने तू मला खोटारडी समजलीस, आणि खरं कळायला तुला मशीनकडून खात्री करून घ्यायला लागली. माझ्याकडून नाय.

आईला तुझा निरोप काय द्यायचा? मी कसलाच दिलेला नाय. तिचा नंबर उघडायचा की नाय, ते तुझं तू बघ. मी मधे पडणार नाय. गॅसचा नंबर मात्र बदलून टाक, सिलिंडरवाल्यासमोर दर वेळी खोटं बोलायला आईला बरं वाटत नाय.

आता मी काढतेय. बटण सापडलं. ते विचारतंय, या कॉम्प्युटरवरचा तुमचा सगळा इतिहास पण पुसायचा का? हो दाबणार आहे. तुझा पंखा, तुझी मेथी, तुझं ऑफिसमधलं रडणं, तुझं घर, सगळं जाईल. बाबा येऊन क्लिक करतील तेव्हा खाली काहीच पडणार नाय. पांढरं.

मिथुनदादाला सांग, स्क्रीनचं बिजागर परत सुटलंय, आता तांदळाच्या डब्याला टेकवून

थांब, शकुमावशी ओरडत आली. मागच्या जंगलातला बिबट्या खाली पंपाच्या खोलीत शिरलाय. वॉचमनने बाहेरून कडी घातली, अख्खी बिल्डिंग जिन्यात मोबाईल वर धरून उभी आहे, आणि आपली आई सगळ्यांच्या पुढे, हातात लाटणं घेऊन. हो दाबते आणि पळते.